संगणक कौशल्याची चाचणी: २री ते ८वी एकाच शिडीवर कशी मोजायची?

प्रश्न (सहावीचे_वर्गशिक्षक):
नमस्कार. जिल्हा परिषदेची शाळा, इयत्ता २री ते ८वी. लॅबमध्ये १० संगणक चालू आहेत, विंडोज आणि लिबरऑफिस. नेट भरवशाचं नाही. वर्गात साधारण ३८ मुलं, तास ३५ मिनिटांचा, लॅबमध्ये शिक्षक एकच.

आतापर्यंत लेखी पेपर होतो: सीपीयूचं पूर्ण रूप, इनपुट साधनांची नावं वगैरे. त्यात २० पैकी १८ गुण घेणाऱ्या मुलाला काल जतन केलेली फाइल आज सापडत नाही. मला तीन गोष्टी हव्यात. कोणत्या इयत्तेला नेमकं काय करायला सांगायचं? ४थी आणि ७वी यांची तुलना होईल असं मोजमाप कसं ठेवायचं? आणि हे सगळं १० संगणकांत कसं बसवायचं? मराठी टायपिंगला किती वजन द्यावं, तेही सांगा.

उत्तर (विषय_साधनव्यक्ती):
सर, त्या लेखी पेपरातून पाठांतर कळतं, कौशल्य कळत नाही. प्रात्यक्षिकाचे गुण धरायला अडचण नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानुसार निरीक्षण, प्रात्यक्षिक, प्रकल्प ही आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाची साधनं आहेतच.

इयत्तेगणिक वेगळा विषय घेऊ नका. विषय एकच ठेवा आणि अटी वाढवत न्या. 'शाळेच्या आवारातली झाडं' घ्या. २रीचं मूल चित्रकलेचा प्रोग्राम उघडेल, झाड काढून रंग भरेल आणि खिडकी बंद करेल. ३री-४थीत तीन झाडांची नावं टाइप करायची, स्वतःच्या नावानं जतन करायची, फाइल बंद करून पुन्हा उघडायची. ५वी-६वीत नाव, जागा, उपयोग असा तक्ता, एक चित्र, आणि फाइलची प्रत 'तपासणी' नावाच्या फोल्डरमध्ये. इथे कॉपी आणि कट यांतला फरक आपोआप कळतो, कारण मूळ फाइल जागेवर राहिली का ते दिसतं. ७वी-८वीत खोडाचा घेर सेंटिमीटरमध्ये भरायचा, मोठ्याकडून लहानाकडे क्रम लावायचा, सरासरी काढायची आणि आलेख करायचा.

आता तुलनेचं. प्रत्येक टप्प्याला ५ कामं ठेवा, त्यातली २ आधीच्या टप्प्याची जशीच्या तशी. सूचनेचं वाक्य, नमुना फाइल, वेळ, काहीही बदलायचं नाही. ही सामाईक कामंच तुमची शिडी जोडून धरतात. एखादं काम ४थीत बहुतेकांना जमलं आणि ५वीत अडलं, तर दोन वर्गांच्या सरावात काय फरक आहे ते शोधता येतं. नुसत्या टक्केवारीची तुलना केली तर ४थीचे ८० आणि ७वीचे ६० यातून काहीच कळत नाही.

गुण ० ते ३. स्वतःहून केलं तर ३. एका तोंडी सूचनेनंतर केलं तर २. करून दाखवल्यावर केलं तर १. तरीही नाही तर ०. सूचनेचं वाक्य आधीच कागदावर लिहून ठेवा, उदाहरणार्थ 'वरच्या पट्टीतला पहिला शब्द बघ'. मूल अडलं की मनात २० मोजायचे, मगच बोलायचं. आणि माउसला हात लावायचा नाही. शिक्षकानं माउस धरला की त्या कामाला १ च्या वर गुण नाही, हे सगळ्या तपासनिसांनी पाळायला हवं. आपल्याकडे गुण फुगतात ते बहुतेक इथेच.

उत्तर (लॅबच्या_बाई):
वरच्या पद्धतीला माझं पूर्ण अनुमोदन. वेळेचं गणित असं: ५ मिनिटं बसवायला, १२ मिनिटं पहिली तुकडी, ३ मिनिटं बदल, १२ मिनिटं दुसरी तुकडी. झाली ३२. म्हणजे एका तासात २० मुलं आणि एका वर्गाला दोन तास. बाहेर थांबलेल्या मुलांना छापलेलं स्क्रीनचं चित्र द्या: 'फाइल जतन करण्याचं बटण कुठे आहे? गोल करा.' गोंधळही टळतो आणि तोही पुरावा मिळतो.

दहा मुलांकडे एकाच वेळी बघणं शक्य नाही. म्हणून कामं अशी निवडा की निदान तीन कामांचा पुरावा फाइलमध्येच उरेल. फाइलचं नाव आणि फोल्डर, तक्त्याची रचना, सूत्र हे संध्याकाळी तपासता येतं. त्या फाइलींवरून सूचना द्यावी लागली होती का हे कळत नाही, म्हणून कोणाला सूचना दिली तेवढी खूण जागेवरच यादीत करा. प्रत्यक्ष नजर ठेवायची ती फक्त दोन कामांवर.

फाइल जतन करण्याबद्दल खास सांगते, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. खिडकी बंद करताना प्रोग्राम विचारतो: जतन करायचं, नाही करायचं की रद्द? मूल न वाचता समोर दिसेल ते बटण दाबतं आणि काम जातं. दुसरं म्हणजे फाइल उघडताना अलीकडच्या फाइलींच्या यादीतून उघडतं. फाइल मिळाली, पण ती कुठे ठेवली आहे ते त्याला ठाऊकच नसतं. दुसऱ्या दिवशी त्याच संगणकावर वेगळा वर्ग बसून जातो, त्या यादीत भलतीच नावं येतात आणि तुमचं १८ गुणांचं मूल अडकतं. म्हणून प्रत्येक तुकडीआधी फाइल मेनूतून ती यादी पुसा आणि सूचना द्या: 'फोल्डरमध्ये जाऊन तुझी फाइल उघड.'

लहान्यांसाठी: २रीच्या मुलाला डबल क्लिक जमत नाही, दोन क्लिकच्या मध्ये त्याचा हात सरकतो. कंट्रोल पॅनेलमध्ये माउसच्या सेटिंगला डबल क्लिकचा वेग कमी करा, किंवा एक क्लिक करून एंटर दाबलं तरी चालेल असं आधीच ठरवा. आपल्याला 'उघडता येतं का' हे बघायचं आहे. फोनची सवय असलेलं मूल स्क्रीनला बोट लावतं. त्याला कच्चं समजू नका, २ मिनिटं माउस फिरवायला द्या आणि मग मोजायला लागा.

वीज जाते तिथे लिबरऑफिसच्या पर्यायांत आपोआप जतन होण्याची वेळ २ मिनिटं करून ठेवा. शेजारच्याचं बघून करणं टाळायला सम आणि विषम क्रमांकाच्या संगणकांना झाडांची वेगळी यादी द्या, कामं तीच.

उत्तर (इनस्क्रिप्ट_प्रेमी):
टायपिंगबद्दल. शाळेत वेगाला गुण देऊच नका, निदान ६वीपर्यंत. राज्य परीक्षा परिषदेच्या टायपिंग परीक्षेतला मिनिटाला ३० शब्दांचा निकष नोकरीच्या तयारीसाठी आहे, मुलांना तो लावणं अन्याय आहे. त्यातून इंग्रजी आणि मराठीच्या वेगाची तुलना होत नाही. 'क्षत्रिय'सारख्या शब्दातली जोडाक्षरं एका कळफलकावर एका दाबात येतात, दुसऱ्यावर तीन दाबांत.

बघायचं ते अचूकपण, आणि युनिकोडचा (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीचा) क्रम समजला का हे. 'किल्ला' शब्द द्या. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी, कारण वेलांटी दिसते अलीकडे पण साठवली जाते अक्षरानंतर. जुन्या फाँटांच्या सवयीनं शिकवलेलं मूल आधी वेलांटी दाबतं आणि स्क्रीनवर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही: 'मोर'मधला ओकार एका बटणानं न देता काना आणि मात्रा वेगवेगळे देणं. बऱ्याच फाँटांत सारखंच दिसतं, पण शोधा पर्यायात 'मोर' टाकलं की तो शब्द सापडत नाही. तपासायची हीच युक्ती: मुलाच्या फाइलमध्ये पाच शब्द शोधून बघा, किती सापडतात ते मोजा. ५ पैकी ५ म्हणजे ३, ४ असतील तर २, २-३ असतील तर १.

प्रश्नकर्ता (सहावीचे_वर्गशिक्षक):
फार उपयोगी पडलं. यादी पुसायची गोष्ट लक्षातच आली नव्हती. ७वी-८वीत सरासरी सूत्रानं काढली की कॅल्क्युलेटरवर काढून आकडा भरला, हे कसं ओळखायचं? आणि स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं मुलांचं साधन) घ्यायचं का?

उत्तर (विषय_साधनव्यक्ती):
घेरातला एक आकडा तुम्ही स्वतः बदला. सरासरी बदलली तर सूत्र आहे. सगळ्या फाइली पटापट बघायच्या असतील तर कंट्रोलसोबत १ च्या डावीकडचं बटण दाबा, सूत्रं उघडी दिसतात. एक सापळा मुद्दाम ठेवा: नमुना फाइलमध्ये एका झाडापुढे '९५ सेमी' असं लिहा. एकक लिहिलं की तो मजकूर होतो आणि सरासरीतून गुपचूप वगळला जातो. उत्तर येतं, पण चुकीचं. ते कोणाच्या लक्षात येतं, यावरून ८वीतला खरा फरक कळतो. मूल सूत्राकडे बघतं की उत्तराकडे, हेच आपल्याला पाहायचं.

स्क्रॅच जरूर घ्या, नेट नसताना चालणारी आवृत्ती आहे. पण नवीन काही बनवायला सांगू नका, १२ मिनिटांत पात्राचे पोशाख बदलण्यातच वेळ जातो. बिघडलेला प्रकल्प द्या. मांजरानं चौकोन काढायचा आहे: ४ वेळा पुन्हा करा, १०० पावलं चाला, ९० अंश वळा. त्यात ९० च्या जागी ६० घालून ठेवा. चौकोन पूर्ण होत नाही. दुरुस्त करायचं आणि काय चुकलं होतं ते एका वाक्यात टाइप करायचं. नुसते आकडे बदलत बसून जुळवणारं मूल दुरुस्ती करतं, वाक्य लिहू शकत नाही. त्याला २ गुण.

८वीच्या मुलांची संगणक आणि माहिती साक्षरता मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयसीआयएलएस चाचणीतही (२०१३, २०१८, २०२३) मुलांना प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं, आणि निकाल गुणांसोबत पातळ्यांतही सांगतात. तुमच्या प्रगतिपत्रकातही '१५ पैकी ११' च्या शेजारी एक ओळ लिहा: 'फाइल शोधता येते, सूत्र मदतीनं लावतो.' पालकाला ती ओळ कळते.

उत्तर (लॅबच्या_बाई):
एक राहिलं. पहिल्या वर्गाच्या पाच फाइली दोन शिक्षकांनी एकमेकांचे गुण न बघता तपासा. जिथे एकापेक्षा जास्त गुणाचा फरक येईल, त्या कामाच्या सूचनेचं वाक्य मोघम आहे असं समजा, ते दुरुस्त करून सूचनेचे कागद बदला आणि मगच पुढचे वर्ग घ्या.