प्रतिसाद: नुसती करमणूक कशी?
वर कुणीतरी म्हटलंय की थायलंडमधल्या कामगार बायका गाण्याच्या शोला जातात ती नुसती करमणूक, त्यात कसलं आलंय सक्षमीकरण. अर्धंच पटलं. ईसानमधून, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागातून, बँकॉकला फॅक्टरीत नाहीतर घरकामाला आलेल्या बायका मोलामच्या म्हणजे तिकडच्या लोकगीतांच्या शोला जातात, आपल्या तमाशासारखा रात्रभर चालतो तो, तिथे स्टेजपुढे बिनधास्त नाचतात, आवडत्या गायिकेला नोटा टाचलेला हार घालतात, तोही स्वतःच्या कमाईतला! आणि गायिका फुम्फुआंग दुआंगचान बघा ना, ऊसतोड करणाऱ्या घरातली, वाचता येत नव्हतं म्हणून गाणी ऐकून पाठ करायची, तरी लुकथुंगची, म्हणजे थाई गावाकडच्या गाण्यांची, राणी झाली. १९९२ला गेली, वय फक्त ३०. सुफानबुरी प्रांतातल्या वाट थाप क्रादान या बौद्ध मंदिरात तिचे पुतळे आहेत, लोक तिथे कपडे, मेकअपचं सामान वाहतात आणि लॉटरीचे नंबर मागतात :)