ओक्लाहोमा-कॅन्ससमध्ये सुपरसेलचा पाठलाग: सकाळी ठिकाण कसं ठरवायचं, आणि उभं नेमकं कुठं राहायचं?

मेघश्याम_डॅलस

मेच्या तिसऱ्या आठवड्यात डॅलसहून निघून सुपरसेल (स्वतःभोवती फिरणारं मोठं गडगडाटी वादळ) शोधत पाच-सहा दिवस फिरायचा बेत आहे. दोघं आहोत, एक चालवणार, एक रडार बघणार. एसपीसी या अमेरिकेच्या वादळ अंदाज केंद्राचा आउटलुक (दिवसाच्या धोक्याचा नकाशा) वाचता येतो, रडारवर हुक (फिरत्या वादळाचा आकड्यासारखा आकार) ओळखता येतो. पण 'एन्हान्स्ड' या धोक्याच्या पातळीचा पट्टाच दीड राज्याएवढा असतो, त्यातलं गाव कसं निवडायचं? वादळ उभं राहिलं की कोणत्या बाजूनं जायचं आणि किती जवळ? गाडी भाड्याची आहे, त्याबद्दलही सांगा. 'जाऊ नका' हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो सोडून बोला.

ड्रायलाइन

आधी रंगाच्या मागे लागणं सोडा. एन्हान्स्ड हे टोर्नेडोच्या 10 टक्के शक्यतेमुळेही लागतं आणि नुसत्या वाऱ्याच्या किंवा गारांच्या 30 टक्क्यांमुळेही. दोन्ही दिवस नकाशावर सारखेच नारिंगी दिसतात. टोर्नेडोचा वेगळा नकाशा उघडा आणि खालचा मजकूर पूर्ण वाचा. ही टक्केवारी कुठल्याही बिंदूपासून 25 मैलांच्या आतली असते, हेही ध्यानात असू द्या.

वेळापत्रक असं. पहिल्या दिवसाचा आउटलुक तिकडच्या उन्हाळी वेळेनुसार रात्री 1, सकाळी 8, साडेअकरा आणि दुपारी 3 ला येतो. सकाळी 7 चे फुगे सोडलेले असतात, त्यांचे साउंडिंग (वरच्या हवेच्या नोंदी) 8 पर्यंत हाती येतात. 8 वाजता भाग ठरवा, साडेअकराला दोन गावं, आणि 2 पर्यंत त्यांतल्या एकात पोचून टाकी भरलेली हवी. डॅलस ते वुडवर्ड साडेपाच तासांच्या आसपास आहे. म्हणून रोज डॅलसला परतायचा विचार असेल तर तो इथंच सोडा, आदल्या रात्री विचिटा फॉल्स किंवा ओक्लाहोमा सिटीला मुक्काम करा.

गाव निवडायचं ते जमिनीवरच्या नोंदींवरून. ओक्लाहोमा मेसोनेट या हवामान जाळ्याची 120 च्या आसपास केंद्रं दर पाच मिनिटांना आकडे देतात. दुपारी दवबिंदूचा नकाशा लावा. पूर्वेला 65 फॅरनहाइट आणि पश्चिमेला एकदम 30 च्या घरात, अशी उभी रेघ दिसेल, तीच ड्रायलाइन, दमट आणि कोरड्या हवेची सीमा. ही रेघ जिथं पूर्वेला फुगलेली असेल आणि तिच्या पुढ्यात वारा दक्षिणेऐवजी आग्नेयेकडून येत असेल, तिथं लक्ष ठेवा. आग्नेयेचा वारा म्हणजे खालच्या थरात पीळ जास्त. थांबायचं रेघेवर नाही, तिच्या पूर्वेला 30-40 मैलांवर. वादळ रेघेवर जन्मतं आणि तुमच्याकडे येत येत मोठं होतं.

केप (वादळाला उपलब्ध असलेली ऊर्जा) 4,000 बघून हुरळू नका. जमिनीपासून 6 किलोमीटरपर्यंत वाऱ्यात 40 नॉटचा फरक नसेल तर ढग स्वतःच्याच पावसात बुडतो. आणि कॅप बघा, म्हणजे ढगांना वर चढू न देणारा गरम थर. मे महिन्यात 700 मिलिबारला (सुमारे 3 किलोमीटर उंचीवर) 12 अंश सेल्सियसच्या वर तापमान असेल तर बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत निळं आकाश बघत पेट्रोल पंपावर बसायची पाळी येते. उपग्रहाच्या चित्रात ढगांचे मनोरे उठून माथा वाऱ्यावर वाहून जाताना दिसत असतील तर कॅप अजून शाबूत आहे. तळ सपाट आणि टणक राहिला, माथा पसरू लागला, की निघा. ओळीनं चार वादळं उठली तर सगळ्यात दक्षिणेचं धरा, कारण त्याची गरम दमट हवा अडवायला खाली कुणी नसतं.

नॉर्मनमुक्कामी

वरचं बरोबर. एकच जोड: एचआरआरआर या अंदाजाच्या संगणक मॉडेलमध्ये दाखवलेलं वादळ म्हणजे पत्ता नव्हे. ते दर तासाला नव्यानं धावतं. ओळीनं चार रनमध्ये वादळ एकाच भागात येत असेल तरच वजन द्या.

आता उभं कुठं राहायचं. वादळ ईशान्येला जात असेल तर पाऊस आणि गारा उत्तरेला आणि ईशान्येला पडतात. ढगाचा पाऊस नसलेला काळा सपाट तळ नैऋत्य टोकाला असतो आणि टोर्नेडो बहुतेक तिथंच उतरतो. म्हणून तुम्ही आग्नेयेला, तोंड वायव्येला, वारा पाठीवर. नवख्यानं तळापासून चार मैल अंतर ठेवावं. हवा स्वच्छ असेल तर तेवढ्यावरून सगळं दिसतं. रस्ता डांबरी हवा आणि त्याला पूर्वेकडे व दक्षिणेकडे दोन्ही फाटे हवेत. सुपरसेल अंगात आलं की सरासरी वाऱ्याच्या उजवीकडे वळतं, म्हणजे थेट तुमच्याकडे. दक्षिणेचा फाटा त्यासाठी.

उत्तरेकडून गारांतून घुसून तळाखाली यायचं, याला कोअर पंच म्हणतात. करू नका. काच फुटते हे किरकोळ, पण पावसाच्या पडद्यातून बाहेर पडता तेव्हा टोर्नेडो नेमका समोर असू शकतो आणि मागे फिरायला दिसत काही नाही.

वॉल क्लाउड आणि शेल्फ क्लाउड यांत गल्लत होते. शेल्फ पावसाच्या पुढे धावतो, त्याच्या मागून थंड हवा येते, त्याचा टोर्नेडोशी संबंध नाही. वॉल क्लाउड कोरड्या तळाखाली लोंबतो, त्याची शेपटी पावसाकडे जाते, आणि खालचे फाटके ढग वर ओढले जातात. तो दहा-पंधरा मिनिटं टिकून फिरत असेल, आणि त्याच्या नैऋत्येला उजेडाची फट कापल्यासारखी दिसू लागली, तर फोटो थांबवा आणि चालकानं इंजिन सुरू करावं.

टोर्नेडो डावीकडे-उजवीकडे सरकत नाही पण जाड होत चाललाय, तर तो तुमच्याकडे येतोय.

दोरीसारखा बारीक होऊन संपत आलेला टोर्नेडो बघत बसणारे बरेच असतात. जुनं भोवरं डावीकडे, उत्तरेला वळून मरतं तेव्हा नवं त्याच्या पूर्वेला किंवा आग्नेयेला तयार होत असतं, म्हणजे बघ्यांच्या डोक्यावर. डोळा तिकडे हवा.

मेघश्याम_डॅलस

खूप उपयोगी. रडारवर माझा ठिपका आणि हुक दोन्ही दिसतात, तर चार मैल अंतर त्यावरूनच मोजलं तर चालेल ना?

नॉर्मनमुक्कामी

नाही चालणार. बहुतेक नवखे फसतात ते इथंच. तुमचा ठिपका आत्ताचा असतो, हुक जुना. चित्रावर 5:42 लिहिलंय आणि घड्याळात 5:47 असेल, तर ताशी 35 मैलांनी जाणारं वादळ तेवढ्यात जवळजवळ तीन मैल सरकलेलं असतं. चारातले तीन गेले. प्रत्येक वेळी आधी चित्रावरची वेळ वाचा. नेट गेलं की अ‍ॅप जुनंच चित्र शांतपणे दाखवत राहतं.

दुसरं, रडारपासून 60 मैलांवर अर्ध्या अंशाची किरणही जमिनीपासून 4,500-5,000 फुटांवरून जाते. खाली काय चाललंय ते तिला दिसत नाही. वेग दाखवणाऱ्या चित्रात हिरवा आणि लाल (रडारकडे येणारा आणि दूर जाणारा वारा) चिकटून दिसले तरी ते वरचं फिरणं आहे. त्याच जागी कोरिलेशन कोएफिशंट (हवेतले कण किती एकसारखे आहेत ते सांगणारा रडारचा आकडा) 0.8 च्या खाली घसरला तर हवेत मोडतोड उडतेय, म्हणजे टोर्नेडो आधीच जमिनीवर आहे.

शंका वाटली तर 31 मे 2013 चा ओक्लाहोमातल्या एल रीनोचा टोर्नेडो अभ्यासा. 2.6 मैल रुंद, पावसात झाकलेला, आधी आग्नेयेकडे आणि मग वेग वाढवून ईशान्येला वळलेला. टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि कार्ल यंग त्यात गेले, आणि ही अनुभवी संशोधक माणसं होती.

चाकवचिखल

गाडीचं मी सांगतो. भाड्याच्या करारात दोन गोष्टी शोधा: गारांचं नुकसान कोण भरणार, आणि कच्च्या रस्त्याला मनाई आहे का. मनाई सर्रास असते, आणि तिकडे मैला-मैलावर चौकटीत आखलेले रस्ते बहुतेक कच्चेच. ओक्लाहोमाची लाल माती भिजली की आपल्या काळ्या रानातल्या पहिल्या पावसासारखी चाकाला धरते. नकाशा लावताना 'कच्चे टाळा' चालू करा, आणि त्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवा. कॅनेडियन आणि रेड नदीवर पूल विरळ आहेत. नदीच्या कोणत्या काठावर राहायचं ते वादळ उठायच्या आत ठरवा.

टाकी अर्धी झाली की भरा. खऱ्या आकाराचा स्पेअर टायर मागून घ्या. नोआ वेदर रेडिओ (सरकारी हवामान इशारे देणारा) घ्या, 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झ, मोबाइल मेला तरी चालतो. थांबताना चारही चाकं डांबराच्या बाहेर, दिवे चालू, शेताच्या फाटकासमोर नाही. विजा जवळ असतील तर ट्रायपॉड घेऊन बाहेर उभं राहू नका, तारेच्या कुंपणाला टेकू तर अजिबात नका.

गारा आल्या म्हणून हायवेच्या पुलाखाली गाडी घालू नका. मागची वाहतूक अडते, आणि टोर्नेडोत पुलाखाली वारा आणखी जोरात घुसतो. 3 मे 1999 ला ओक्लाहोमात पुलांखाली आसरा घेतलेल्यांपैकी तीन जण दगावले.

वळीव_लातूर

हे सगळं मराठवाड्यात करता येईल का? एप्रिल-मेमध्ये ढग तर भयंकर उठतात.

ड्रायलाइन

उठतात, पण मेमध्ये वरचे वारे मंद झालेले असतात. ढग जागीच वाढतो आणि तासाभरात कोसळतो, मागे धावण्याजोगं फार उरत नाही. गारपिटीची मोठी वादळं फेब्रुवारी-मार्चमध्ये, वरचा पश्चिमी वारा जोरात असताना होतात, 2014 सारखी. टोर्नेडो बंगालच्या कालबैसाखीत, म्हणजे तिथल्या मान्सूनपूर्व वादळांत, होतात. बांगलादेशातला 26 एप्रिल 1989 चा मानिकगंजचा टोर्नेडो जगातला सगळ्यात जीवघेणा मानला जातो. लातूरला बघायचंच असेल तर पक्क्या घराच्या खिडकीतून, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं विजांचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप उघडं ठेवून.

मेघश्याम, एक राहिलं. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी दक्षिणेचा रस्ता धरा, वादळ कितीही देखणं असो. अंधारात तळ फक्त विजेच्या उजेडात दिसतो आणि रस्त्यावर हरणं येतात. आणि त्या गावातली हॉटेलं सहालाच भरतात, खोली दुपारीच सांगून ठेवा.