शेवट न बदललेल्या अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांवरच्या मालिका सुचवा (आईसाठी)

अमळनेरकर:
जेवणं आटोपली की आई विचारते, "आज म्हातारी नही का?" म्हातारी म्हणजे ख्रिस्तीची खुनी शोधणारी आजीबाई मिस मार्पल, जोन हिक्सन या नटीने केलेली. बीबीसीची, १९८४ ते १९९२; मार्पलच्या बाराही कादंबऱ्या त्यात आहेत. आईला इंग्रजी येत नाही, मी मधे मधे थांबवून अहिराणीत सांगतो. तरी खुनी आधी तीच ओळखते. रीत मार्पलबाईंचीच: हा माणूस आपल्या गल्लीत कोणासारखा, ते आधी ठरवायचं.
हिक्सन संपली म्हणून जेराल्डिन मॅकएवनची, २००४ची, 'द बॉडी इन द लायब्ररी' लावली. शेवटी उत्तरच बदललेलं! आई उखडली, "ज्यानी मारं, त्याले सोडी दिधं!" आता पुस्तकाला धरून काय आहे ते सांगा.

भुसावळचा रेल्वेवाला:
भाऊ, त्याच मालिकेतली 'द सिटाफर्ड मिस्टरी' चुकूनही लावू नको. १९३१च्या पुस्तकात मार्पल नाहीच, इथे आणून बसवली आहे.
डेव्हिड सुशेने केलेला प्वारो घे, ख्रिस्तीचा दुसरा गुप्तहेर. १९८९ ते २०१३, ७० भाग. सुरुवातीच्या लघुकथा तासाभरात संपतात. प्वारोचा मित्र हेस्टिंग्ज नि सेक्रेटरी मिस लेमन यांना काही ठिकाणी मूळ कथेत नसतानाही घुसवलंय, पण ते चालतं. त्यातला २०१०चा 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस', रेल्वेतल्या खुनाचा भाग, मात्र नंतर दाखव. पुस्तकात प्वारो डायनिंग कारमध्ये एकेकाला बोलावतो नि शांतपणे खोदत बसतो, सगळी मजा त्यात. इथे जपमाळ, पाप-पुण्य, आरडाओरड. उत्तर तेच, प्वारो वेगळा. हा बदल मला जास्त खटकला.

धुळ्याची वाचक:
बदल केला की वाईटच असं नाही हं. ख्रिस्तीची 'रॉजर अ‍ॅक्रॉइड' कादंबरी जशीच्या तशी पडद्यावर येऊच शकत नाही, कारण त्यातली चाल...

चाळीसगावकर:
ताई थांबा! माझं अर्धं पुस्तक राहिलंय.

धुळ्याची वाचक:
बरं बाबा. मग बीबीसीची २०१५ची 'अँड देन देअर वेअर नन' घ्या, तीन भाग. याच कादंबरीच्या १९४३च्या नाटकात खुद्द ख्रिस्तीबाईंनी शेवट मवाळ केला, बरेच सिनेमे त्याच वाटेने गेले. या मालिकेने कादंबरीचा कडू शेवट ठेवला. लेखिकेनेच बदललं तर काकू कोणावर उखडणार?
आणि सारखं थांबवून सांगायचा कंटाळा आला तर दूरदर्शनचा १९९३चा 'ब्योमकेश बक्षी' आहेच. शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या गुप्तहेरकथा, बासू चटर्जींचं दिग्दर्शन, ब्योमकेश झालाय रजित कपूर. हिंदीत.

अमळनेरकर:
ब्योमकेश कालच लावला. "हाऊ बरा शे" म्हणाली, म्हणजे पास. दादा, सुशेच्या कुठल्या कथेपासून सुरू करू?

भुसावळचा रेल्वेवाला:
पहिल्याच भागापासून. लंडनच्या क्लॅफम भागातल्या एका घरातली स्वयंपाकीण गायब होते नि मालकीणबाई प्वारोला जुंपतात. हिरे-माणकं सोडून स्वयंपाकीण शोधायची म्हणून तो आधी नाक मुरडतो. काकूंना मालकीणबाईंचंच पटेल बघ.