मदत हवी आहे: बायबलमधली पुस्तकं कशी ठरली यावर काय वाचू?

डॅन ब्राउनची 'द दा विंची कोड' ही थरारक कादंबरी परत वाचली, छोटी प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी अडकवून ठेवायचं, फॉर्म्युला माहीत असूनही खाली ठेववत नाही, जबरदस्त मजा येते. तिच्यातले दावे पण तपासतोय. त्यातली गुप्त संघटना प्रायरी ऑफ सायन १०९९ ची नाहीच, पिएर प्लांतार वगैरेंनी १९५६ मध्ये फ्रान्समध्ये नोंदवलेली संस्था, एवढं कळलं. इ.स. ३२५ च्या नायसिया परिषदेत (ख्रिस्ती बिशपांची सभा) शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या आयुष्यावरची पुस्तकं (gospels), निवडली हेही खरं नाही, तिथे मुख्य वाद एरियस या धर्मगुरूच्या शिकवणीचा होता (येशू देवपित्याच्या बरोबरीचा नाही, अशी). मग बायबलमध्ये चारच शुभवर्तमानं का राहिली, फिलिपच्या नावाचं वगैरे बाहेर कसं गेलं? विकिपीडिया वाचून झालंय, व्हिडिओ नकोत, चर्चचा प्रचार किंवा नवीन कटकथाही नको. इंग्रजी चालेल, पण इतिहास न शिकलेल्याला झेपेल असं कुठलं पुस्तक आधी घेऊ?