मदत हवी आहे : इंग्रजीतला ‘नियर’ नेमका कुठे वापरायचा?

नमस्कार मंडळी,

भाचीला इंग्रजी शिकवतेय आणि ‘नियर’पाशी गाडी अडली आहे. ‘अर्थ जवळ, बस’ म्हणून पुढे जाता येत नाही, कारण हा शब्द सगळीकडे वावरतो. ‘नियर द विंडो’मध्ये शब्दयोगी अव्यय, ‘कम नियर’मध्ये क्रियाविशेषण, ‘नियर फ्यूचर’मध्ये विशेषण आणि ‘द शिप नियर्ड द शोअर’मध्ये चक्क क्रियापद! इथपर्यंत तिला पटलं.

खरी अडचण ‘क्लोज’ची आहे, कारण त्याचाही अर्थ ‘जवळ’च. ‘क्लोज’नंतर ‘टू’ लागतो, ‘नियर’नंतर सहसा लागत नाही, पण ‘नियरर टू’ मात्र सर्रास दिसतं. जिवलग मैत्रीण म्हणजे ‘क्लोज फ्रेंड’, तिला ‘नियर फ्रेंड’ कुणी म्हणत नाही. उलट नजीकचा काळ ‘नियर फ्यूचर’च. मग ‘नियर रिलेटिव्ह’ आणि ‘क्लोज रिलेटिव्ह’ दोन्ही कसे चालतात? नात्यातही अंतर मोजलं जातं म्हणून, की नुसती रूढी? मला रूढीच वाटते, पण भाची कारण मागते आणि तिचं मागणं रास्त आहे.

‘नियरली’ म्हणजे ‘जवळजवळ’, ‘जवळून’ नव्हे, हेही तिला दोनचार वाक्यं घोळवल्यावरच उमगलं.

इंग्रजी शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा : अशा जोड्या सरळ पाठ करून घ्याव्यात, की मागे एखादं सूत्र आहे? ‘नियर’ आणि ‘क्लोज’ शेजारी ठेवून सराव करता येईल अशी वाक्यं कुणाकडे असतील तर जरूर द्या.