रेशनच्या तांदळातले ते वेगळे दाणे : निवडून फेकायचे की शिजवायचे?

मानेवाड्याची सून
परवा रेशनचा तांदूळ आणला. सासूबाई सूप घेऊन बसल्या आणि दहा किलोतून मूठभर दाणे वेगळे काढून ठेवले. जरा गुळगुळीत, रंगाला किंचित वेगळे, सगळे एका मापाचे. त्यांचं म्हणणं, "पिलास्टिक हाय ते." व्हॉट्सॲपवर कोणीतरी असे दाणे पेटवून दाखवलेत, तो व्हिडिओही त्यांनी जपून ठेवलाय. माझं मत सांगते: ते मुद्दाम घातलेत आणि खायला हवेत. घरात तीन बायका आहोत, तिघींचंही हिमोग्लोबिन दहाच्या आसपास, म्हणजे कमीच. तुम्ही काय करता?

इतवारीवाला
ताई, प्लास्टिक नाही ते. तांदळाचं पीठ करतात, त्यात लोह, अन् फॉलिक ॲसिड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वं मिसळतात, अन् शेवया काढाव्या तसं मशीनमधून काढून परत तांदळाच्या आकाराचे तुकडे पाडतात. मग शंभर भाग साध्या तांदळात हा एक भाग घालतात. पेटते म्हणजे प्लास्टिक, हे काय लॉजिक हाय बे? पोळी गॅसवर विसरून पाहा. काकूंनी जे सुपात बाजूला काढलं ना, तेच तर सगळं औषध.

हातसडी
प्लास्टिक नाही, मान्य. म्हणून ते बरोबर आहे असं होत नाही. आधी गिरणीत तांदूळ घासून पांढराशुभ्र करायचा, कोंड्याबरोबर ब-१ आणि बरंचसं लोह घालवायचं, मग कारखान्यात बनवलेला दाणा वरून मिसळायचा. ही उलटी गंगा कशासाठी?

हिशोब करा. किलोमागे लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम. माणशी धान्य महिन्याला ५ किलो. सगळा तांदूळच दिला आणि वरचाच आकडा धरला, तरी दिवसाला ७ मिलिग्रॅम. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत बाईला २९ लागतं. ब-१२ तर किलोत जास्तीत जास्त सव्वा मायक्रोग्रॅम, म्हणजे रोजचे ०.२. गरज साधारण २.४ ची. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०१९ च्या आढाव्यातही असा तांदूळ खाऊन ॲनिमियाच्या (रक्तक्षयाच्या) प्रमाणात फारसा फरक पडत नसावा, असंच निघालं. त्यापेक्षा रेशनवर डाळ वाढवा. आमच्याकडे अंबाडी आहे, पावसाळ्यात तरोट्याची रानभाजी फुकट उगवते, जवसाची चटणी आहे. हे खाणारी माणसं काय आजारी होती?

प्रतापनगर आहारतज्ज्ञ
होती. मोजत कोणी नव्हतं, एवढंच.

हातसडी दादा, तुमचा लोहाचा हिशोब मी खोडत नाही. पण हातसडीच्या तांदळात ब-१२ किती? शून्य. अंबाडीत, तरोट्यात, जवसात? शून्यच. ते झाडं बनवत नाहीत, गायही स्वतः बनवत नाही. तिच्या पोटातले जिवाणू बनवतात, तेही चाऱ्यातून कोबाल्ट मिळालं तर. मग ते दुधात, मांसात उतरतं. शाकाहारी माणसाला ते मिळायचा रस्ता म्हणजे दूध, दही, ताक, आणि बहुतेक घरांत चहापुरतंच दूध येतं. आंबवलेल्या इडलीत भरपूर ब-१२ असतं, असंही कोणी इथे लिहील, म्हणून आधीच सांगते, त्या भरवशावर राहू नका.

आणि पालेभाजीतलं लोह आपोआप अंगी लागत नाही. त्याला सोबत आंबट लागतं, म्हणजे क जीवनसत्त्व. आपल्या तर्री-पोह्याचंच बघा ना: हरभऱ्यात लोह, वर लिंबू पिळलेलं, छान जमलं. आणि लगेच वरून कडक चहा! चहातलं टॅनिन लोह अडवतं. तासभर थांबा म्हटलं तर लोक माझ्याकडे असे बघतात, जणू मी पोहेच बंद करायला सांगितले.

या दाण्यातल्या फॉलिक ॲसिडची सुरुवात तर आपल्याच राज्यातली. लुसी विल्स या डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरणी कामगारांच्या घरच्या गरोदर बायकांच्या ॲनिमियावर काम करताना त्यांना दिसलं की यीस्टच्या अर्काने तो सुधारतो. त्या अर्कातलं ते द्रव्य म्हणजेच फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच एक रूप), हे पुढे कळलं.

हातसडी
लुसीबाईंनी अर्क आजारी बाईला दिला, अख्ख्या मुंबईच्या भातात नाही कालवला. माझा मुद्दा तोच आहे.

इतवारीवाला
मग मिठातलं आयोडीन काढून टाकता का भाऊ? ते पण सगळ्यांच्याच भाजीत हाय. अन् ७ मिलिग्रॅम म्हणजे गरजेचा पाव हिस्सा, तोही फुकट. माझ्या धंद्यात पाव हिस्सा कमी नसतो.

एसएसचा बाप
इथे कोणी विदर्भाचं बोलतच नाही. आमच्याकडे सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, बराच आहे. माझा मुलगा त्याचाच रुग्ण, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. अशांना कधी कधी रक्त चढवावं लागतं, अन् त्यातलं लोह अंगात साठतं. या तांदळाच्या गोणीवर आधी छापलेलं असायचं की सिकलसेलच्या रुग्णांनी लोह मिसळलेलं अन्न खाऊ नये. वाचता येणारे किती, अन् दुकानात गोणी उघडून वजन करून देतात, मग गोणी पाहतो कोण? २०२४ मध्ये सरकारच्या समितीनं तपासून धोका नाही म्हटलं आणि ती सूचना काढून टाकली. मी मुलाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रक्ताच्या एका पिशवीतून दोनशेच्या वर मिलिग्रॅम लोह सरळ आत जातं, तुमच्या महिन्याभराच्या तांदळात कमाल २१२, आणि त्यातलं आतडं थोडंच घेतं. वारंवार रक्त चढतं त्यांनी आमच्या सल्ल्यानं खावं, बाकी घाबरू नका.

हिशोब पटला. पण दुकानात साधा तांदूळ मागितला तर म्हणे, "हाच हाय, न्यायचा तर न्या." याचं उत्तर मला कोणत्याच बाजूकडून मिळालं नाही.

प्रतापनगर आहारतज्ज्ञ
दादा, माझ्याकडेही नाही. निवड असायला हवी, यात मी हातसडींच्या बाजूने.

हातसडी
चला, एवढं तरी.

इतवारीवाला
एएस म्हणजे नुसते वाहक, आई-बापांपैकी एकाकडूनच आलेलं, असतील त्यांचं काय? आमच्या घरी दोघं हायत.

एसएसचा बाप
वाहकाला सहसा रक्त चढवावं लागत नाही, त्यामुळे तसं लोह साठत नाही. उलट त्यालाही लोहाची कमी होऊ शकते. तरी एकदा तपासून घ्या.

मानेवाड्याची सून
सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. पेटलेल्या पोळीचं पटलं. लुसीबाईंचं जास्त पटलं, सासूबाईंची आई मुंबईच्या गिरणगावातली होती. म्हणाल्या, "बरं, पण भातात नको, दिसतात. खिचडीत टाक." बाजूला काढलेले दाणे डब्यात परत गेलेत. व्हिडिओ मात्र अजून फोनमध्येच आहे.