आधी वासाची ओळख होऊ द्या
घरातल्या मांजराची आणि कुत्र्याची ओळख कशी करून द्यायची, या प्रश्नावर कुणीतरी दोघांना समोरासमोर सोडा, आपोआप जमेल, असं सुचवलंय. कृपा करून तसं करू नका. घाबरलेलं मांजर कित्येक दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही. आधी कुत्र्याला वेगळ्या खोलीत ठेवा आणि दोघांची अंथरुणं अदलाबदल करा. आमच्या मनीने कुत्र्याचा टॉवेल हुंगून कान मागे पाडले होते. चौथ्या दिवशी त्याच टॉवेलवर ती वेटोळं करून झोपली. मग दार किलकिलं केलं, कुत्रा अर्थातच पट्ट्यात. तो अंग ताठ करून टक लावून बघायला लागला की लगेच हाक मारा, वळला की खाऊ द्या. मांजराला उंच जागा हवीच, कपाटाचा माथासुद्धा चालेल. आणि शी-शूचा ट्रे कुत्र्याच्या वाटेपासून लांब ठेवा.